शुभदा, त्या सहा पेट्यांबद्दल

शुभदा, अजितचा फोन आला तेव्हा मी हळद शोधायला लागलो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तो म्हणाला, "बाबा, शुभदा पडली." मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. मला वाटलं, आपल्या घरापासून रस्त्यापर्यंतच्या त्या पायऱ्यांवर पाय घसरला असेल. वेलिंग्टनच्या पावसात त्यांच्यावर शेवाळ धरतं, तू मलाच दर वेळी कठडा धरायला सांगायचीस. मी विचारलं, "फार लागलं का?" मी फोन खांद्यात धरून मसाल्याचा डबा उघडला आणि वाटीत हळद काढली. मग तो म्हणाला, "फार्मसीत पडली, बाबा. काउंटरच्या मागे. ती गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" आणि अजित, तुझा नवरा, पन्नाशीला आलेला माझा मुलगा, फोनवर लहान मुलासारखा ओरडला, "बाबा, गेली म्हणजे गेली."

ती वाटी मी अजून धुतलेली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तशीच आहे. धुवायला घेतो आणि ठेवून देतो.

मी सत्त्याहत्तर वर्षांचा. तू चव्वेचाळीस. माझ्या औषधांच्या डबीत वार लिहून गोळ्या तूच भरायचीस. मंगळवारच्या खणातली सकाळची गोळी मी घेतली होती, दुपारची तू गेल्यावर घेतली. तू भरलेल्या गोळ्या शनिवारपर्यंत पुरल्या. म्हणजे तुला निरोप देऊन आल्यावरही मी तुझ्या हातचं औषध घेत होतो. हे कसं होऊ शकतं ते मला अजून कळत नाही.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, तिथली भिंत पातळ असणार, कदाचित बरीच वर्षं, कुणाला कळलं नसतं. मी त्याला सांगितलं की आदल्या रविवारी माळावर मधमाश्यांच्या पेट्या बघताना तू म्हणाली होतीस, "डोकं जड झालंय, बाबा." आणि मी म्हटलं होतं, "स्मोकरच्या धुरानं होतं तसं, जरा डोळे मिटून बस." डॉक्टर म्हणाला, त्याचा संबंध नसेल, कदाचित. तो 'कदाचित' त्यानं लावलाच. त्याच्या जागी मी असतो तर लावला नसता. तूही लावला नसतास. तू म्हाताऱ्या माणसांना औषधाची भीती घालायची नाहीस, नीट समजावायचीस.

तुझ्या सासूबाई गेल्यावर मी महाबळेश्वरचं घर बंद करून तुमच्याकडे आलो, त्याला आता सात वर्षं होतील. पहिले आठ महिने मी खिडकीत बसलो. तुम्ही दोघं कामाला, रेवा शाळेत, आणि मी समोरच्या टेकडीवरची घरं बघत बसायचो. तीस वर्षं मी डोंगरातल्या लोकांना मधमाश्या पाळायला शिकवलं होतं. वाड्यावस्त्यांवर चालत जायचो, सातेरी माशीच्या पेट्या बसवून द्यायचो. इथं मला दुधाची पिशवी कुठे मिळते तेही माहीत नव्हतं. दूध पिशवीत नसतंच, बाटलीत असतं, आणि ते डेअरीत मिळतं, आणि डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. हे मला रेवानं शिकवलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती.

मग एका शनिवारी तू म्हणालीस, "बाबा, चला, फिरायला जाऊ." कुठे ते सांगितलं नाहीस. साडेतीन तास गाडी चालवलीस. रुआपेहूचा बर्फाचा डोंगर दिसायला लागला, त्याच्या पायथ्याशी एका मेंढ्यांच्या फार्मवर तू गाडी वळवलीस, आणि गमबूट घातलेली एक उंच बाई दारात आली. ती कॉलीन. तिचा नवरा वारला होता आणि त्याच्या दोन पेट्या तशाच पडून होत्या. 'कुणीतरी सांभाळा' अशी चार ओळींची जाहिरात तिनं पेपरात दिली होती आणि तू ती कापून पर्समध्ये ठेवली होतीस.

तू तिला सांगितलंस, "हे बाबा. यांना माश्यांतलं कळतं." कॉलीनला वाटलं बाबा हे माझं नाव. अजून ती मला बाबाच म्हणते.

मी ऐटीत उघड्या हातांनी पेटी उघडली, सातेरीची उघडायचो तशी. अकरा नांग्या बसल्या. तू तुझ्या फार्मसीच्या ओळखपत्राच्या कडेनं एकेक नांगी खरवडून काढलीस आणि म्हणालीस, "तीस वर्षं शिकवत होतात ना?" शुभदा, बायको गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. हे तुला सांगायचं राहिलं. असं बरंच राहिलं.

फेब्रुवारीत कॉलीननं आपल्याला वरचा माळ दाखवला. तिच्या शेवटच्या कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथवर जांभळा रंग. गुडघ्याएवढी झुडपं, बारीक फुलं, आणि मधेच इथल्या पिवळ्या टसॉक गवताचे झुबके. मला कासचं पठार आठवलं. मी म्हटलं, "काय सुंदर आहे." तू लगेच म्हणालीस, "तण आहे ते, बाबा. हेदर. कुणीतरी हौसेनं बाहेरून आणून पेरलं, आता ते इथलं सगळं खातंय." मी म्हटलं, बिचारं, एवढ्या लांबून येऊन रुजलं. तू म्हणालीस, "बिचारं काय त्यात? मध चांगला देतं म्हणून तण असायचं थांबत नाही." हा वाद आपण दर वर्षी घालायचो. दर वर्षी तू जिंकायचीस आणि दर वर्षी आपण पेट्या तिथंच नेऊन ठेवायचो.

तो मध यंत्रात घालून फिरवला तरी निघाला नव्हता, आठवतं? चौकटी गरगर फिरल्या आणि मध जागचा हलला नाही. मी म्हटलं, यंत्र बिघडलं. तू चमच्यानं पोळ्यातला थोडा मध काढून बशीत ठेवलास, बशी हलवलीस, तो थरथरला. म्हणालीस, "खरवस झालाय याचा." मग पोळं कापून पंच्याच्या फडक्यात बांधायचं आणि कॉलीनच्या सफरचंदं पिळायच्या दाबयंत्रात घालून स्क्रू फिरवत बसायचं, ही पद्धत तूच काढलीस. तांबूस, किंचित कडवट मध. रेवाला तो आवडायचा नाही. आपल्याला दोघांना आवडायचा.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं.

दोनाच्या सहा पेट्या झाल्या होत्या आपल्या. उत्तरेकडून व्हरोआ खाली सरकत येतोय असं कॉलीन दोन वर्षं सांगत होती, आणि एका शरद ऋतूत, म्हणजे इथल्या एप्रिलात, तो आलाच. टाचणीच्या डोक्याएवढा लाल किडा, माशीच्या पाठीला चिकटलेला. तू भिंग आणलंस, माहिती जमवलीस, औषधाच्या पट्ट्या मागवल्यास. चौकटींच्या मधे टांगायच्या, काही आठवडे ठेवायच्या. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, "हा किडा आमच्याकडचाच आहे. आमच्या सातेरीला पूर्वापार आहे. ती स्वतः वेचून फेकते. यांनाही शिकू दे. औषध दिलंस की माशी आळशी होते."

तू म्हणालीस, "बाबा, या माश्या सातेरी नाहीत. यांना हा किडा माहीतच नाही."

मला राग आला. तुला माहीत नसेल का आला. आमच्याकडे सातेरीवर मोठी साथ आली होती, अळ्या पिशवीसारख्या फुगून मरायच्या. वरून हुकूम यायचे, हे मारा, ते मारा. मी गावोगाव जाऊन लोकांच्या पेट्यांत नाही नाही ती औषधं घातली आणि पेट्या मेल्या. ज्या म्हातारीनं मला दारातून हाकलून दिलं होतं, तिची एक पेटी वाचली. त्या म्हातारीचं तोंड मी विसरलेलो नाही. पण हे मी तुला सांगितलं असतं तर आपण बोललो असतो. मी नुसतं म्हटलं, "तुझं शिक्षण गोळ्यांचं आहे."

तू शांतपणे म्हणालीस, "तीन पेट्या तुमच्या, तीन माझ्या. बघू." आणि तुझ्या तीन पेट्यांत पट्ट्या टांगल्यास.

पुढच्या आठवड्यात मी बसनं एकटाच कॉलीनकडे गेलो, चार दिवस तिच्या अंगणातल्या खोलीत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती मेंढ्यांकडे गेल्यावर, मी तुझ्या तिन्ही पेट्या उघडल्या, पट्ट्या काढल्या, कागदात गुंडाळून तिच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मला वाटलं, तुझ्या पेट्या औषधावाचून जगल्या की मग तुला सांगीन आणि आपण हसू. माझी खात्री होती.

ऑगस्टअखेर आपण दोघं गेलो. सहाही पेट्या रिकाम्या होत्या. तळाला मूठ मूठ मेलेल्या माश्या, चौकटींत मध तसाच. माझ्या तीन मेल्या याचं तुला आश्चर्य वाटलं नाही. तुझ्या तीन का मेल्या, ते तुला कळेना. पट्ट्या पेट्यांत नाहीत हे तुला दिसलं, आणि मी म्हटलं, "मुदत भरली तेव्हा मी काढल्या." हे खोटं मी तुझ्या तोंडावर बोललो, मेलेल्या माश्या हातात घेऊन.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. घरी येऊन तू वही काढलीस आणि स्वतःची चूक शोधायला लागलीस. पट्ट्या उशिरा घातल्या का, कमी घातल्या का, थंडीनं औषध पसरलं नाही का. औषध विकणाऱ्यांना फोन केलेस. जेवताना वही ताटाशेजारी असायची. मी तुझ्यासमोर बसून पोळी खायचो. तीन-चार आठवडे हे चाललं. मग एका रविवारी कॉलीनकडून आल्यावर तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे बाबा. नवीन माश्या आणू. या वेळी पट्ट्या आपण दोघं मिळून घालू." मला वाटलं, सुटलो.

आणि पुढच्या शरदात तू खरोखर मला पेटीचं झाकण धरायला लावलंस. एकेक पट्टी तू टांगत होतीस, मी बघत होतो. त्या माश्या जगल्या. आजही जिवंत आहेत.

अडीच वर्षं मी तुला सांगणार होतो. त्या शेवटच्या रविवारीसुद्धा. हेदर भरात होतं, आपण पेट्यांवर मध साठवायची एकेक मधकोठी वाढवली, आणि तू गाडीच्या मागच्या फळीवर बसून थर्मासमधला चहा ओतलास. डोकं जड झालंय म्हणालीस, डोळे मिटलेस, आणि तसेच मिटून म्हणालीस, "बाबा, काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "नाही. हवा बदलतेय, निघू या."

मंगळवारी तू गेलीस.

तेरावा झाल्यावर अजित म्हणाला, पेट्यांचं काय करायचं. त्याला माश्यांची भीती वाटते हे तुला माहीत आहे. तरी नऊ दिवसांपूर्वी, शनिवारी, तो, मी आणि रेवा गेलो. हेदरचा बहर संपत आला होता, माळ तपकिरी व्हायला लागला होता. मी मधाच्या चौकटी काढून देत होतो, अजित घाबरत घाबरत डब्यात ठेवत होता. रेवा लांब उभी होती. तिनं विचारलं, "आजोबा, डू दे नो?" मी म्हटलं, नाही गं, माश्यांना नाही कळत. त्यावर ती रडायला लागली, आणि अजित तिला घेऊन गाडीकडे गेला.

कॉलीन माझ्याजवळ दोर गुंडाळत उभी होती. मला एकदम राहवलं नाही. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, तसंच मोडकं तोडकं बोललो. "कॉलीन, ज्या वर्षी सगळ्या मेल्या, त्या वर्षी शुभदाच्या पट्ट्या मी काढल्या होत्या."

ती दोर गुंडाळतच राहिली. "ठाऊक आहे मला, बाबा. माझ्याच डब्यात टाकल्या होत्या तुम्ही. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलं असेल. मग सप्टेंबरात ती माझ्या टेबलाशी बसून आपण काय चुकलो ते विचारायला लागली. मला बघवेना. मी तिला सांगितलं."

मी पेटीवर बसलो. माश्या भोवती फिरत होत्या आणि मला त्यांचा आवाजही येत नव्हता.

मी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"आधी बाहेर कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मग आत आली ती भयंकर चिडूनच. म्हणाली, आज घरी जाते आणि विचारते त्यांना. मी चहा दिला. तो संपवून म्हणाली, नाही विचारणार. त्यांना या देशात फक्त एवढंच मिळालंय, की माश्यांतलं त्यांना कळतं. तेवढं मी काढून घेणार नाही. सांगतील ते आपणहून."

शुभदा, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मला कळलंच नव्हतं. हे मात्र मला तिथल्या तिथं कळलं. अडीच वर्षं तुला माहीत होतं. माहीत असून तू माझ्या गोळ्या भरल्यास. फार्मसीतल्या मैत्रिणींना घरी आणून सांगितलंस, हे आमचे बाबा, मधमाश्यांतले एक्स्पर्ट. मी त्यांच्यासमोर तासभर राणीमाशीवर बोललो आणि तू भजी तळलीस. त्या दिवशी तुझ्या मनात काय चाललं होतं? चिडत होतीस का अजून? कधी एकदा तरी वाटलं का, की ती वही द्यावी याच्या तोंडावर फेकून?

मला तुझा रागही येतो. खरं सांगतो. तू भांडली असतीस तर मी दोन दिवस जेवलो नसतो, मग तुझ्यासमोर येऊन हात जोडले असते, आणि ते झालं असतं. तू मला वेळ दिलास. मला वाटलं, वेळ आहे. मी तुझ्यापेक्षा तेहतीस वर्षांनी मोठा, वेळ कुणाकडे कमी आहे याचा हिशेब मी सरळ वयावर केला होता.

आणि तरी, तुझं ते वाक्य कॉलीनच्या तोंडून ऐकल्यापासून मी रोज ते मनात म्हणतो. माझ्या आईनं, तुझ्या सासूबाईंनी, कुणी माझा मान इतका जपला नव्हता. मी त्याच्या लायक नव्हतो. तुला तेही माहीत होतं.

काल रविवारी गॅरेजमध्ये अजित आणि मी मध पिळायला बसलो. दाबयंत्र कॉलीननं दिलंय, तिला आता नको म्हणाली. मी पोळं फडक्यात बांधत होतो, तो स्क्रू फिरवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. पट्ट्या, कचऱ्याचा डबा, तुझ्याशी बोललेलं खोटं, कॉलीननं सांगितलेलं. तो फिरवायचा थांबला नाही.

मग म्हणाला, "त्या महिन्यात ती रडायची, बाबा. मला म्हणायची, माझ्या हातून एवढे जीव गेले. मी म्हटलं, माश्याच आहेत. तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," तो म्हणाला. "तिनं मला यातलं काहीच सांगितलं नाही. शेवटपर्यंत."

तो उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. तो आला, समोर बसला आणि दुसरं फडकं पुढे केलं. म्हणाला, "भरा." मी भरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळा मध काढला.

शुभदा, अजित आणि मी या घरात सात वर्षं तुझ्यामार्फतच बोलत आलो. त्याला काय हवं ते तू मला सांगायचीस, मला काय दुखतं ते तू त्याला. कॉलेजपासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि मीही त्याच्याशी. काल आम्ही दोघं पहिल्यांदा समोरासमोर बसून बोललो, आणि पहिलं बोलणं हे निघालं. आज सकाळी तो ऑफिसला जाताना माझ्या खोलीच्या दाराशी थांबला. काहीतरी म्हणणार होता, म्हणाला नाही. पण थांबला होता. मी बिछान्यात उठून बसलो आणि वाट बघितली.